फुकटचा उजेड

"अगं, चित्र काढतेस की अंडी उबवतेस?" दादाने धाकटीच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "सकाळपासून बघतोय. नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. बत्तीबाई, काही उजेड पाडणार आहेस की नाही?"

"मशीन हिशेब करतंय. करू दे," धाकटी म्हणाली. तिने मान वळवली नाही. दादाकडे न बघता बोलायची तिला आता सवयच झाली होती.

इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका कचेरीत धाकटी उजेडाचं काम करायची. तिच्या प्रोग्रॅमला ना बटणं, ना रंगीत चित्रांच्या खिडक्या. खोलीची मापं, भिंतींचे रंग, खिडकीची जागा, सूर्य कुठल्या बाजूला, हे सगळं अक्षरांत लिहून काढायचं, एका ओळीचा हुकूम टाइप करायचा आणि गप्प बसायचं. मग तो प्रोग्रॅम खिडकीतून आलेला उजेड भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून छतावर असा टोलवत मोजत जायचा आणि जी खोली अजून बांधलेलीच नाही तिचं चित्र काढून द्यायचा. खोटं बोलायची त्याला सोय नव्हती. निदान धाकटीचा तसा समज होता.

आज सुटी होती. ती घरीच वरच्या आपल्या खोलीत मशीन लावून बसली होती, आणि मोजायची खोलीही घरचीच होती, आईची. आई रफूचं काम करायची. फाटलेल्या कापडातलेच धागे ओढून, नाहीतर त्याच रंगाचं रीळ शोधून ती भोक असं बुजवायची, की गिऱ्हाईकच विचारायचं, फाटलं होतं कुठे? रंग जुळवायचा तो खिडकीतल्या उजेडात. दिव्याखाली सगळे रंग एकमेकांचे भाऊ होतात, असं ती म्हणायची. आणि नेमकं त्याच खिडकीसमोर, मागच्या अंगणात, दादाला टाइल्सचं गोदाम बांधायचं होतं.

घर आईच्या नावावर होतं, तेव्हा सही तिची लागणार होती. इथेच घोडं पेंड खात होतं.

"माझा उजेड जाणार नसेल तर करते सही," आईने सांगून टाकलं होतं. "धाकटी चित्र काढून दाखवेल. ते बघून ठरवीन."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. बहिणीच्या परवानगीने बांधकाम करायचं म्हणजे काय? पण आईपुढे इलाज नव्हता, म्हणून तो सकाळपासून धाकटीच्या डोक्यावर बसला होता.

"गोदामाची भिंत मी पांढरी रंगवणार आहे, ते घातलंस ना?"

"घातलंय."

"तू माझं वाईटच करणार. लहानपणापासून तेच करत आलीस."

"मी फक्त मापं घातलीत. वाईट निघालं तर ते तुझ्या भिंतीचं."

एवढ्यात पडद्यावर चित्र उमटलं. आईची खोली, समोर गोदामाची भिंत, आणि खोलीत छान, सारखा, मऊ उजेड पसरलेला. दादा उडालाच.

"हे बघ! उगाच बोंबाबोंब करत होतीस!"

"थांब, हे कच्चं आहे," धाकटी म्हणाली. "भिंती नीट जुळल्यात का ते बघायला मी हुकुमात एक आकडा घालते. त्याने सगळीकडे थोडा उजेड येतो. तो कुठूनच आलेला नसतो, फुकटचा असतो. आता तो काढून पक्कं चित्र लावते. उद्या दुपारपर्यंत होईल."

"उद्या?"

"खऱ्या उजेडाला वेळ लागतो."

खालून आईने हाक मारली. सिलिंडर बदलायचा होता. धाकटी जिना उतरून खाली गेली, आणि ती वर येईतो दादा निघून गेला होता. त्याने पडद्याचा फोटो काढला असेल हे तिच्या मनातही आलं नाही. भावाला ती भांडखोर समजत होती, चोर समजत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून ती धावतपळत घरी आली. पक्कं चित्र तयार होतं. त्यात खिडकी दिसत होती, खिडकीपाशी हातभर जागा उजळ होती, आणि बाकी खोली संध्याकाळ झाल्यासारखी. ते कागदावर छापून ती आईच्या खोलीत शिरली, तर भिंतीवर कालचं चित्र टांगलेलं. चौकटीत बसवलेलं. खाली दादा मांडी घालून बसला होता.

"सही झाली," तो म्हणाला.

"आई, ते चित्र खोटं आहे! हे बघ, खरं हे आहे."

आईने चष्मा चढवला. एकदा भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"खोली तीच, भिंत तीच," दादा शांतपणे म्हणाला. "काल उजळ, आज काळोखी. विचार तिला, मधे काय केलं ते."

"तू आकडा बदललास का गं?" आईने विचारलं.

"बदलला, पण तो—"

"माझी सही झाल्यावर?"

"सही झाली हे मला माहीत कुठे होतं? आई, माझं ऐक तरी—"

"तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा," आई म्हणाली आणि तिने कागद दुमडून परत दिला. "माझ्या खोलीला त्यात ओढू नका."

वरातीमागून घोडं आलं, आणि वर तेच लबाड ठरलं. धाकटी संतापाने पाय आपटत जिना चढली. दादाने फसवलं याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आईने विश्वास ठेवला नाही, ते मात्र काळजात घुसलं.

गोदाम झालं. भिंत पांढरी रंगवली, पण पांढऱ्या भिंतीलाही उजेड परतवायला आधी तो मिळावा लागतो. आईने महिन्याभरात तारेला दिवा लटकवला आणि त्याखाली सुई चालवू लागली. वर धाकटीच्या खोलीत भरपूर उजेड होता, पण आईच्या गुडघ्यांनी जिना कधीच सोडला होता. पुढच्या दारात बसावं तर टाइल्सच्या टेम्पोची धूळ. तक्रारीचा शब्द तिने काढला नाही. सही तिची होती ना. भाऊ-बहीण एका घरात राहून एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि भिंतीवरचं ते चित्र तेवढं खोलीत सर्वांत उजळ राहिलं.

एका सकाळी दादाचा कोट खिळ्याला अडकून पाठीवर फाटला. गडद निळा, नवाकोरा. त्याला व्यापाऱ्यांच्या बैठकीला जायचं होतं. आईने कोट मांडीवर घेतला आणि मन लावून बसली. झाल्यावर तिने धाकटीला हाक मारली.

"वर तुझ्या खिडकीत नेऊन बघ जरा. दिसतंय का?"

धाकटीने कोट वर नेऊन उन्हात धरला. टाके पूर्वीसारखेच, अप्रतिम. पण धागा काळा होता. निळ्या पाठीवर मुंग्यांची रांग निघावी तसा तो दिसत होता.

सांगितलं होतं ना! हे शब्द तिच्या जिभेवर इतके दिवस वाट बघत बसले होते. आता पुरावाच हातात होता. दादाच्या पाठीवर, आईच्याच हातचा. ती जिना उतरली. आई पायरीशी उभी होती, सुई अजून बोटांत, आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.

"नाही दिसत," धाकटी म्हणाली. "अजिबात नाही."

दादाने कोट चढवला. आभार मानायची पद्धत त्याच्याकडे नव्हतीच. तो रस्त्यावर उतरला आणि आई त्याला निरोप द्यायला पुढच्या दारात गेली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

आत आली तेव्हा ती धाकटीसमोर थांबली.

"तू तर उजेडाचंच काम करतेस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच धाकटीला सोसवेना.

मग आई आपल्या खोलीत गेली. खिडकीच्या कट्ट्यावरची रिळं तिने एकेक करून डब्यात भरली, निळी, तांबडी, हिरवी, तपकिरी, आणि झाकण दाबून लावलं. काळं आणि पांढरं तेवढं तिने बाहेर ठेवलं.