लांबून दिसणारी बॅग

सायकलींच्या दुकानात दादाने माझ्यासाठी भडक नारिंगी रंगाची बॅग उचलली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्याला रंगातलं काही कळत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वहिनी त्याला स्वतःचा शर्टसुद्धा एकट्याने घेऊ देत नाही. मी एवढंच म्हटलं, "ठेव ती खाली. मला रस्ते खोदणाऱ्यांत भरती व्हायचं नाहीये."

तो हसला नाही. नवल वाटलं ते याचं. एरवी माझ्या टोमण्याला त्याचा टोमणा तयार असतो.

दादा साठीला टेकलाय. आयुष्यभर त्याने बेकरीची व्हॅन चालवली. पहाटे पाव घेऊन निघायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत दुकानं करून परतायचा. गेल्या वर्षी एक दिवस किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवून तो घरी आला. ट्रॅफिकचा कंटाळा आला म्हणाला. मी सोफ्यांची कव्हरं शिवते, दिवसभर मशीनवर असते, तेव्हा कंटाळा या विषयावर मला कोणी सांगायला नको. मी म्हटलं, बरं केलंस.

तरुणपणी दादा एकदा सायकलवर डोंगर ओलांडून गेला होता. खिंडीत उभं राहिलं की पलीकडे खाली एक तळं दिसतं, ते बघून आला. मी शाळेत होते. आल्यावर त्याने ते तळं मला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं. "तू मोठी झालीस की तुला नेतो," म्हणाला. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, मोडलं, गुडघे दुखायला लागले, आणि दादा पाव वाटत राहिला. मग या वर्षी उन्हं नीट पडायला लागली तसा त्याचा फोन. "बारके, सायकली बघायला चल. याच वर्षी जायचं." माझं वजन बघता मला बारके म्हणणारा जगात हा एकच माणूस उरलाय. मी म्हटलं पुढच्या वर्षी जाऊ, गुडघ्याचं काहीतरी करून घेते. तर म्हणाला, "याच वर्षी." पुढे काही नाही.

तर आम्ही दुकानात. दुकान लांबोडकं, छताला फ्रेमी टांगलेल्या, रबराचा आणि तेलाचा वास. दुकानदार तिशीतला, बोलका. त्याने आधी दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकली काढल्या. मी बसून बघितलं तर पलंगावर बसल्यासारखं वाटलं, आणि चढावर आपला अर्धा जोर तो शॉकच खाणार असं दिसत होतं. "सामान न्यायचं असेल तर फक्त पुढे शॉक असलेली घ्या, ताई," तो म्हणाला. "मागे कॅरिअर घट्ट बसतं. टायर जाड घ्या, डिस्क ब्रेक घ्या, आणि फ्रेम तुमच्या उंचीची. मोठी घेऊ नका, उतरताना पाय टेकला पाहिजे."

दादाने त्याची सायकल बोटांनी निवडली. गिअरच्या खटक्यावर, ब्रेकच्या दांडीवर, सीटच्या खालच्या नटावर बोटं फिरवत होता. मला वाटलं, जुना ड्रायव्हर आहे, नखरे करणारच. मागच्या अंगणात चक्कर मारायला घेऊन गेला आणि जुन्या टायरच्या ढिगावर जाऊन आदळला. मी पोट धरून हसले. "व्हॅनपण अशीच चालवायचास का?" म्हणून विचारलं.

मग बॅगा आल्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या, पावसात न भिजणाऱ्या. इथे मात्र मी कोणाचं ऐकणार नव्हते, कापड आणि शिलाई हा माझा प्रांत. राखाडी जोडी होती ती उत्तम होती. दुहेरी टीप, तळाला जाड पट्टी, झाकण तीन वेळा गुंडाळलं की पाणी आत जायची बात नाही. नारिंगीची टीप वाकडी, कोपरे आत्ताच सुटायला आलेले.

"नारिंगीच घे," दादा म्हणाला.

"अरे, पण शिलाई बघ तिची."

"शिलाई तू घरी मार. तू पुढे असणार, मी मागे. मागून मला ती दिसली पाहिजे."

"मी पुढे? वाट तुला माहितीये की मला?"

दादा दुकानदाराला म्हणाला, "जरा ती नारिंगी घेऊन दाराशी उभा राहा." तो राहिला. दादाने मान हलवली. "हां. आता राखाडी धर."

दुकानदाराने राखाडी उचलली, दाराशी गेला, छातीसमोर धरून उभा राहिला. दादा थांबला. आम्ही सगळेच थांबलो.

"अरे, धर की," दादा म्हणाला.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "धरलीय ना, काका."

तो टायरच्या ढिगावर आदळल्यावर हसलेली मी मलाच आठवले. मी दादाचा दंड धरला आणि त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे पंक्चर शोधायची पाण्याची टाकी होती, तिच्या कडेवर बसवलं.

"किती दिसतं तुला?"

"पुरेसं."

"दादा."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. त्या चष्म्याचा काही दोष नव्हता. "डोळ्यांची नस सुकत चाललीय म्हणतात. बाजूचं आधी गेलं. आता मधलं पण जायला लागलंय. थेंब घालतो, त्याने वेग कमी होतो, थांबत नाही. जवळ आलीस तर तुझं तोंड दिसतं. भडक काही असलं तर लांबूनही दिसतं."

"म्हणून बॅग."

"म्हणून बॅग."

"आणि व्हॅन?"

"ती मी आपणहून सोडली. कोणाला लागायच्या आत."

"वहिनीला माहितीये?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय एवढं माहितीये. तू सांगू नकोस." मग म्हणाला, "मला ते तळं तुला दाखवायचंय. एकदा मलाही बघायचंय. निळा रंग अजून थोडा दिसतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यावर, त्याच्या गप्प बसण्यावर, त्या डॉक्टरवर, आणि अंगणात शांतपणे टप टप गळणाऱ्या नळावरसुद्धा. खरं म्हणजे नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणणं मला कधी जड गेलेलं नाही, नवऱ्यालाही मी एका दुपारी जेवणाची ताटं उचलता उचलता नाही म्हटलं होतं. पण टाकीच्या कडेवर बसलेला तो माणूस माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, बघत होता, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

मी अटी घातल्या. उतारावर सायकल हातात धरून चालायचं. माझ्या पुढे जायचं नाही. "आणि ज्या दिवशी ही बॅग दिसेनाशी होईल, त्या दिवशी तू मला सांगायचं. मी विचारणार नाही. सारखं सारखं विचारून मी तुला म्हातारा करणार नाही. पण तू आपणहून सांगायचं, आणि तिथून आपण परत फिरायचं."

"कबूल," तो म्हणाला.

आत जाऊन आम्ही नारिंगी जोडी घेतली. घरी मी तिचे सगळे कोपरे जाड दोऱ्याने पुन्हा शिवले. सुई दोनदा बोटात गेली, तेवढं रडायला निमित्त झालं.

निघालो तेव्हा वहिनीने दादाच्या कॉलरची घडी नीट केली आणि मला म्हणाली, "जपून आण गं त्याला." मी मान डोलावली. तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पहिला दिवस फार छान गेला. तो मागून बडबडत होता. "बारके, उजवी बॅग खाली झुकलीय."

"ती बॅग नाहीये, मी आहे."

"तरीच! मला मधलं काही दिसत नाही ते बरंय."

असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी चढ लागला आणि त्याची बडबड कमी झाली. मी म्हटलं दम लागला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो गप्प. माझ्या फार जवळ राहून चालवत होता. त्याचं पुढचं चाक दोनदा माझ्या मडगार्डला घासलं. विचारणार नाही असं मीच म्हटलं होतं. पण पायडल मारता मारता मनात एकच घोकत होते, सांग रे बाबा, सांग एकदाचं, म्हणजे फिरू. तो सांगत नव्हता. आणि मला माझी अट मोडवत नव्हती. खिंड अर्ध्या दिवसावर आली होती.

दुपारी एक फाटा लागला. एक रस्ता वर खिंडीकडे, दुसरा सपाट, दगडाच्या खाणीकडे जाणारा. तिथेच माझ्या एका बॅगेचा हूक निसटला आणि ती चाकाला घासायला लागली. एक ट्रक मध्ये आल्यामुळे दादा थोडा मागे पडला होता. "थांबते रे," मी ओरडले आणि रस्ता सोडून गवतात गेले. दोन्ही बॅगा काढून सायकलच्या पलीकडे ठेवल्या आणि हूक बघायला वाकले.

तेवढ्यात एक तरुण सायकलवाला शेजारून गेला. अंगात नारिंगी जाकीट. आणि त्याच्या मागोमाग दादा गेला.

माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेला. चेहरा शांत, नजर समोरच्या त्या जाकिटावर. मी हाक मारली, पण ट्रकच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. जाकीट खाणीच्या रस्त्याला वळलं. दादाही वळला.

एक बॅग तिथेच टाकली, दुसरी पट्ट्याने खांद्याला अडकवली आणि मी निघाले. गुडघ्यांना काय वाटलं ते गुडघ्यांनाच माहीत. खाणीच्या रस्त्यावर धूळ होती, समोरून दगड भरलेले ट्रक येत होते, आणि माझा भाऊ एका अनोळखी पोराच्या भरवशावर कडेकडेने चालला होता. पोराला घाई नव्हती, म्हणून मी पोचले. दादाच्या अगदी मागे आले तेव्हा कळलं की तो बोलतोय. पुढच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने.

"...तू म्हणाली होतीस सांग, म्हणून सांगतोय. कालपासून बॅग नीट दिसत नाहीये. उन्हात असलीस की दिसते, सावलीत गेलीस की जाते. मग मी तुझ्या चाकाच्या आवाजावर येतो. सकाळीच सांगणार होतो. समोर बसलो की तोंडातून निघत नाही, असं मागून बरं पडतं."

पुढच्या पोराच्या दोन्ही कानांतून वायरी लोंबत होत्या. तो मान डोलावत गाणं ऐकत चालला होता.

"भीती वाटते गं, बारके," दादा म्हणाला. "अंधाराचं काही नाही, पहाटे उठणारा माणूस मी. पण हिला रोज घरातल्या घरात हाक मारून विचारायचं, कुठेयस म्हणून. त्याची वाटते. वरपर्यंत गेलो तरी तळं काही मला दिसायचं नाही. तुला मी खोटं सांगून आणलं. फिरू या आता."

सकाळपासून जे वाक्य ऐकायची मी वाट बघत होते, ते त्याने एका परक्या माणसाच्या पाठीला सांगितलं.

मागून हाक मारली असती तर तो थांबला असता. मग त्याला कळलं असतं की एवढं सगळं त्याने कोणाला सांगितलं. मी हाक मारली नाही. दात खाऊन पायडल मारले, रस्त्याच्या कडेने त्याला मागे टाकलं, आणि तो आणि ते जाकीट यांच्यामध्ये घुसले. बॅग पाठीवर ओढून घेतली. पोरगा आपल्याच नादात पुढे निघून गेला.

मग दादा म्हणाला, "आता जरा बरी दिसतेस."

"जवळ आलेय," मी म्हटलं.

"ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं."

"मग पुन्हा सांगायला लावू नकोस."

"नाही लावत."

धुळीने आणि रडण्याने माझं तोंड लडबडलं होतं, आणि ते पुसायची काही गरज नव्हती. समोरून येणारा ट्रक जाऊ दिला. मग परत फिरायला सवयीप्रमाणे हात बाहेर काढून वळायची खूण केली, तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, आणि मी तो खाली घेतला.

"दादा," मी म्हटलं, "मी वळतेय."