वरच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका

पडदा स्वच्छ दिसला की चक्रपाणी गारूंना बरं वाटतं. आमचे हे साहेब हैदराबादच्या ऑफिसात दर गुरुवारी नव्या औषधाची चाचणी तपासतात आणि आलेख मी चालवते. एक ठिपका म्हणजे एक पेशंट. उजवीकडे सरकला तर लिव्हर सुजतंय, वर सरकला तर कावीळ, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला तर हातातलं टाकून धावायचं. ठिपक्यावर क्लिक केलं की त्या माणसाचे सगळे रिपोर्ट उघडतात. नाव नसतं, फक्त नंबर.

औषध सोडून गेलेल्यांचे ठिपके उगाच गर्दी करतात, म्हणून मी ‘सध्या औषध घेणारे’ एवढंच फिल्टर लावून ठेवलं होतं. तीन गुरुवार.

"अनसूया, तुझा पडदा म्हणजे सारवलेलं अंगण!" गारू म्हणाले होते. मीही खूश झाले, मूर्खासारखी.

बुधवारी डोस वाढवायच्या कागदासाठी एकूण पेशंट मोजायचे होते, म्हणून फिल्टर काढलं. कोपऱ्यात एक ठिपका. ४१७, बाई, वय अडतीस, गुंटूर. मळमळतं म्हणून गोळ्या सोडलेल्या, रक्त त्यानंतर तपासलेलं, अठरा दिवसांपूर्वी. अगं बाई, बरं वाटेना म्हणूनच तर माणूस गोळी सोडतो! बारा वर्षं हेच काम करते मी, आणि एवढं कळू नये?

गुंटूरच्या नर्सला, सुभाषिणीला, फोन लावला.

"ती होय, अक्का? डोळे पिवळे झाले म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी नवऱ्यानं गावी नेली. कावीळ उतरायला पाल्याचा रस पाजला म्हणे. आम्हाला वाटलं, रिपोर्ट थेट तुमच्याकडे जातात, काही असतं तर तुम्ही बोलला असतात."

"आता कशी आहे?"

"रविवारी गेली."

मी "बरं" म्हणाले. खरंच, बरं म्हणाले. मग डबा उघडून पुलिहोरा खाल्ला, सगळा. चव लागली नाही, रडूही आलं नाही. डबा धुऊन ठेवला.

गुरुवारी गारूंपुढे डोस वाढवायचा कागद होता. दोनशे जणांना दुप्पट गोळी, फक्त सही बाकी. मी फिल्टर न लावता पडदा उघडला.

"हा कुठून उपटला?"

"तिथेच होता, गारू. मीच झाकला होता. बाई गेली."

सगळं ऐकून ते उठले, दार लावून आले.

"पाल्याच्या रसानंच झालं असेल, अम्मा. तसं लिहून टाकू. तुझी नोकरी जाईल, वेडे."

मी ठिपक्यावर क्लिक केलं. रिपोर्टची तारीख दाखवली.

"रस नंतरचा आहे, गारू."

त्यांनी कागद बाजूला सारला. मग पेनाला टोपण लावलं.

मृत्यू कळवायचा फॉर्म मी तिथेच भरला. कळवणाऱ्याचं पूर्ण नाव लागतं, ते लिहिलं. चूक कुणाची, तिथेही तेच लिहिलं. तिच्या नावाच्या जागी लिहिलं, ४१७.