हुंगलेली फुलं

चित्रलतानं फुलांची टोपली नळाखाली धरली, पाणी निथळू दिलं आणि विहाराच्या पहिल्या पायरीवर अनवाणी पाय ठेवला.

"छातीशी धर. नाकाजवळ नको," मागून सासूबाईंचा, पोडी मॅणिकेचा, हुकूम आलाच.

"अम्मा, नाकाजवळ धरली काय नि दूर धरली काय!"

"हे मात्र खरं," पोडी मॅणिके धापा टाकत म्हणाली. "तुझ्याइतकी शुद्ध टोपली आख्ख्या गावात कुणाची नाही."

पौर्णिमेगणिक हेच. बुद्धाला वाहायची फुलं हुंगायची नसतात, एवढं गावातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. चित्रलताला तर हुंगायची सोयच उरली नव्हती. दहा महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना वास घ्यायची शक्तीच घेऊन गेला. धणे कढईतून कधी उतरवायचे ते घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. तिनं लागोपाठ तीन घाणे जाळले. मातले शहराच्या बाजारात त्यांच्या घरच्या भाजक्या मसाल्याचं नाव होतं, ते जायला लागलं. काल जेवताना पोडी मॅणिकेनं सांगून टाकलं होतं, उद्यापासून कढई धाकट्या सुनेकडे, विनीताकडे. चित्रलतानं मान हलवली होती आणि ताट तसंच सारून उठली होती. वीस वर्षं ती कढई तिच्या हातातली होती.

विनीता पुढं बोधिवृक्षाला पाणी घालायला गेली होती. पोडी मॅणिके एकेक पायरी मोजून चढत होती. निम्म्या वाटेवर चित्रलता थबकली.

"अम्मा, कुठंतरी वात करपतेय."

"विहारात वाती नाही करपणार तर काय भाकऱ्या करपणार? चल पुढं."

पोडी मॅणिके दोन पायऱ्या चढली आणि गर्रकन वळली. दिवे भिंतीच्या पलीकडे होते.

"तुला कसं कळलं गं?"

 चित्रलतानं टोपलीत तोंडच खुपसलं. पांढरा चाफा तिच्या गालांना, पापण्यांना लागला. तिनं पुन्हा श्वास घेतला, मग पुन्हा.

"अगं, अगं! बुद्धाची फुलं ती! भर पायरीवर?"

"आला! वास आला, अम्मा!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या चार बायका वळून बघायला लागल्या.

पोडी मॅणिकेनं तिचं मनगट धरलं. तिचे डोळे बारीक झाले होते.

"कढईसाठी नाटक करत असशील तर याद राख. सांग, काय येतंय?"

"चाफा. कोवळा. देठाचा चीकसुद्धा येतोय." चित्रलतानं बोटांनी वरची फुलं बाजूला केली, पुन्हा वाकली आणि थांबली. "पण खालची फुलं कालची आहेत. आंबूस येतायत."

टोपली दर पौर्णिमेला पोडी मॅणिके स्वतः रचायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. शिळं फूल वाहिलं म्हणून शेजारणीला सगळ्यांदेखत झापलं होतं तिनं.

ती आता स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

"सकाळी गुडघे उठूच देत नाहीत गं," ती हळू म्हणाली. "आदल्या संध्याकाळी जमतील तेवढी काढून ठेवते. सकाळी खालच्या फांदीची चारदोन वर घालते."

"कधीपासून?"

"तुझं नाक गेलं तेव्हापासून."

चित्रलताला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. तेवढ्यात विनीता रिकामी कळशी घेऊन धावत आली.

"काय झालं? कोण ओरडलं?"

पोडी मॅणिकेनं धाकट्या सुनेकडे पाहिलं. घाईघाईनं टोपलीवर पदर ओढला.

"माझंच चुकलं," चित्रलता म्हणाली. "वास आला आणि भानच गेलं बघ. सगळी फुलं हुंगून बसले."

"वास आला?" विनीतानं कळशी टाकून तिला मिठीच मारली. "सुटले बाई! मला रात्रभर झोप नव्हती त्या कढईच्या भीतीनं."

"कढई हिचीच," पोडी मॅणिकेनं हुकूम सोडला. "आणि ही टोपली झाडाच्या बुंध्याशी रिकामी करा. फाटकावरून ताजी कमळं विकत आणू."

कमळं आली. चित्रलतानं सवयीनं हात पुढे केले, तर म्हातारीनं टोपली झटकन मागं घेतली.

"तू लांब राहा. तुझ्या नाकावर आता माझा भरवसा नाही."

दोन्ही हातांनी टोपली पुढं धरून ती चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर गुडघा अडला. चित्रलतानं कोपराला आधार दिला आणि तोंड दुसरीकडे वळवून चालत राहिली.

"पुढच्या पौर्णिमेला," पोडी मॅणिके समोर बघतच म्हणाली, "पहाटे मला उठव. फांदी तू वाकव, फुलं मी काढीन."