निळा की पिवळा? मी भिंत सांगते

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणून पोपडे काढायला हात लावाल तर खबरदार! वलगावातल्या मैनाबाईंच्या शिलाईच्या खोलीत मी तीस वर्षं ताठ उभी आहे. मी पक्क्या विटांची. आधी मला पांढरा चुना लागला, तेव्हा येणारा-जाणारा कौतुक करायचा. मग कोणाच्या तरी डोक्यातून गडद हिरवा ऑइलपेंट निघाला. त्यानंतर एकोणीस वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

त्या गडद रंगाचा त्रास मैनाबाईंना झाला. उन्हाळा आला की खोलीच्या एकुलत्या खिडकीत कूलर बसायचा आणि उजेड बंद. ट्यूबलाइट लावूनही काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, म्हणून त्या मशीन घेऊन बाहेर टिनाच्या छपरीत बसायच्या. मागच्या मे महिन्यात तिथेच त्यांना ऊन लागलं. आठ दिवस अंथरुणावर होत्या. त्यांचे यजमान देवमन म्हणाले, "यंदा खोलीत बसून जमलं त ठीक, नाई त मशीन इकून टाकू." मला फार वाईट वाटलं.

मार्चमध्ये देवमन रंगाचे दोन लहान डबे घेऊन आले. त्यांची लेक अपेक्षा हिने माझ्यावर दोन पट्टे ओढले, एक गडद निळा, एक फिका पिवळा. सकाळची वेळ, खिडकी सताड उघडी. निळा काय खुलला म्हणून सांगू! "हाच घेऊ, डोयाले थंड वाटते," मैनाबाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मीही निळ्यावरच भाळले होते.

देवमन मोठा डबा आणायला निघाले, तशी अपेक्षा म्हणाली, "बाबा, थांबा. आपण खिडकी उघडी ठेवून रंग पाहून राहिलो. आईले काम त कूलर लावून करा लागते."

कूलर बसवला. ट्यूबलाइट लावली. निळा पट्टा जुन्या हिरव्यासारखाच काळा पडला होता. पिवळा मात्र ट्यूबलाइटचा उजेड परत फेकत होता, त्याच्यापुढे धरलेला काळा दोरा स्पष्ट दिसत होता.

"मी त अंधारच पसंत केला होता व माय," मैनाबाई म्हणाल्या.

मग मी पिवळी झाले, माझ्या तिन्ही बहिणीही झाल्या. भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, कूलर घरघरत असताना मैनाबाईंनी काळा दोरा उचलला. पहिल्याच खेपेला तो सुईत गेला.

"ओवला," त्या म्हणाल्या. देवमननी मशीनला तेल घातलं आणि म्हणाले, "आता कोनी इकत नाई हे."

मित्रांनो, खोली रंगवाल तेव्हा तिथे राबणाऱ्या माणसाला आधी त्याच्या कामाच्या जागी बसवा आणि मग रंग विचारा. आमच्या मैनाबाई यंदा उन्हाळाभर घरात बसून शिवत होत्या. भिंतीला आणखी काय पाहिजे?