ऑर्फा हॅस्किन्सची जागा

"मला कुशीवर वळव," ऑर्फा म्हणाली. "भिंतीकडे नको. दाराकडे."

लिओनाने सासूच्या खांद्याखाली हात घातला. उचलताना तिच्या बोटांना ते गळ्याजवळचं वाकडं जुळलेलं हाड लागलं. बैलाने लाथ मारली होती, असं ऑर्फा कुणी विचारलं की सांगायची.

"अजून दुखतं का हो आई, बैलाने मारलेलं?"

"बैल कुठला? आमच्याकडे तेव्हा बैलच नव्हता." ऑर्फाला धाप लागली होती, पण तापाने डोळे फिरले नव्हते. "अ‍ॅमॉस होता."

लिओना उशी सारखी करत होती, तिचा हात तिथेच थांबला.

अ‍ॅमॉस हॅस्किन्सची गोष्ट नेब्रास्काच्या त्या भागातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होती. माळावर कोसाकोसांवर एखादंच घर होतं, तेव्हा तो बायको आणि दोन लेकरं घेऊन आला. मातीच्या ढेकळांचं घर बांधलं. पहिल्याच हिवाळ्यात लेक इडा घशाच्या दुखण्याने तळमळू लागली, तेव्हा भर हिमवादळात तो औषध आणायला निघाला आणि वाटेत गोठून मेला. लेकही गेली. मागे राहिली तरणी ऑर्फा आणि पाळण्यातला रूबेन. तिने जमीन सोडली नाही. स्वतः नांगर धरला. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तिच्याकडे भाकरी मिळाली, घटसर्पाच्या साथीत घरोघरची पोरं तिने मांडीवर घेतली, आणि जी वाचली नाहीत त्यांना स्वच्छ धुऊन पेटीत ठेवलं. आता सगळी वस्ती तिला ऑर्फामावशी म्हणायची. चर्चमधला पुढचा बाक तिचा होता, आणि ती बसल्याशिवाय कुणी बसत नसे.

"इडाला श्वास घेता येईना," ऑर्फा सांगू लागली. "मी म्हटलं, शेजाऱ्यांकडे जा. तो प्यायलेला होता. म्हटलं, मग मी जाते. त्याने दाराला आडणा घातला आणि सरपणाचं लाकूड उचललं. पोर सकाळी गेली. जमीन दगडासारखी झाली होती, मी कुऱ्हाडीने खड्डा केला. आपल्या शेतातल्या टेकाडावर."

"आणि ते औषध?"

"कसलं औषध! इडाला पुरल्यावर त्याची दारू संपली, म्हणून तो वादळात बाहेर पडला. परत येताना घरापासून हाकेच्या अंतरावर पडला. मला सापडला तेव्हा हातात दारूची सुरई होती. सोडवेना. त्याची दोन बोटं मोडावी लागली मला." ती बराच वेळ खोकली. "मग मी लोकांना औषधाचं सांगितलं. रूबेनला कुणी दारुड्याचा पोरगा म्हणू नये म्हणून. आधी काय झालं, नंतर काय झालं, एवढंच तर बदलायचं होतं."

पुढे चर्चमागे दफनभूमी झाली, तेव्हा गावाने अ‍ॅमॉसला मानाने तिथे हलवलं. त्याच्या शेजारची जागा ऑर्फासाठी राखून ठेवली. इडाला मात्र ऑर्फाने हलवू दिलं नव्हतं.

"मला त्याच्याजवळ ठेवू नका. टेकाडावर ठेवा. दुसरं काही मागत नाही मी."

रूबेन गुरांना चारा घालून आला, तेव्हा तिने त्याच्याकडूनही वदवून घेतलं. कारण सांगितलं नाही. "इडा एकटी आहे रे," एवढंच म्हणाली.

"हो आई. तू म्हणशील तसं," रूबेन म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

अंघोळ घालायला फिलब्रिकबाई आल्या. त्यांचा नवरा चर्चचा कारभारी. त्यांची चार पोरं ऑर्फाच्या हातावर जन्मली होती. अंग पुसताना त्यांचा हात त्या हाडावर थांबला. मग खाली, फासळ्यांवरच्या जुन्या वणांवर. त्यांनी फडकं पिळून बाजूला ठेवलं. उंच गळ्याचा काळा झगा घातला आणि बटणं अगदी हनुवटीपर्यंत लावली.

"तुम्ही बघितलंत ना?" लिओना म्हणाली.

"असतं गं. सगळ्यांनाच कुठे ना कुठे असतं. कंगवा दे इकडे."

बाहेर फिलब्रिक रूबेनशी बोलत होते. दफनभूमीत माणसं कामाला लागलीसुद्धा होती. मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं पेटवून जमीन मऊ करत होती, अ‍ॅमॉसच्या डाव्या हाताला.

लिओना हात पुसत बाहेर आली. "आईंना टेकाडावर ठेवायचंय. रूबेन, तू शब्द दिलायस."

"मरणाऱ्या माणसाला हो म्हणतातच, पोरी," फिलब्रिक समजुतीने म्हणाले. "पण लोक पार रेल्वेच्या ठाण्यापासून येणार आहेत. त्यांना काय मक्याच्या रानात उभं करायचं?"

मग लिओनाने सगळं सांगितलं. आडणा, लाकूड, सुरई, मोडलेली बोटं.

"तापात बडबडली असेल ती," रूबेन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माझा बाप माझ्या बहिणीसाठी मेला."

"तुझी बहीण आधीच गेली होती, रूबेन."

त्याने तिचा दंड धरला. फिलब्रिकांनी ते पाहिलं आणि नजर घोड्यांकडे वळवली.

"आपण असं धरू, की तू म्हणतेस ते खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे ऑर्फामावशी आयुष्यभर आम्हा सगळ्यांशी खोटं बोलली. हेच सांगायचंय ना तुला? मग सांग. उद्या, तिच्या पेटीजवळ उभी राहून, सगळ्यांसमोर सांग."

लिओनाने मान खाली घातली. दंड सुटला तेव्हा त्यावर चार बोटं उमटली होती.

तेवढी गर्दी त्या चर्चने कधी पाहिली नव्हती. माणसं बर्फात उभी राहून रडली. पाद्री म्हणाले, ही पतिव्रता ज्या क्षणाची वाट बघत जगली, तो आज आला. आता तिला त्याच्यापासून कुणी दूर करू शकणार नाही. फिलब्रिकबाई सगळ्यांत मोठ्याने रडल्या. जाताना बायका एकेक करून लिओनाच्या गालाला गाल लावत होत्या. "आता तू तिच्यासारखी हो हं," असं प्रत्येकजणी सांगत होती.

वसंतात बर्फ वितळलं. एका दुपारी लिओना रूबेनचं जेवण घेऊन शेतावर गेली, तर टेकाड काळं दिसलं. माथ्यापर्यंत नांगराचे ताजे तास पडले होते. इडाच्या डोक्याशी ऑर्फाने रोवलेला दगड बांधावर इतर दगडांत टाकलेला होता.

"आईसाठी सोडत होतो इतकी वर्षं," रूबेन खाली बसत म्हणाला. "चांगली जमीन फुकट जात होती. खारवलेलं डुकराचं मांस नाही आणलंस?"

"संपलं," लिओना म्हणाली.

मका सगळीकडे सारखाच उगवला. खाली कोण कुठे आहे, हे त्याच्या पानांवरून कळत नव्हतं. खुरपणीला दोघं शेजारच्या ओळींतून चढू लागली. माथ्याजवळ आल्यावर लिओनाने खुरपं उचललं, इडाच्या जागेचा तेवढा तुकडा वळसा घालून ओलांडला आणि पलीकडे पुन्हा वाकली.

"ए, मागे तण राहिलंय," रूबेन ओरडला.

"राहू दे."

"राहू दे काय? ये मागे."

तिने वळून पाहिलं नाही. रूबेन खुरपं टाकून तिच्या दिशेने चालू लागला. त्याच्या बुटांखाली ढेकळं फुटत असल्याचं तिला ऐकू येत होतं. ती आपली ओळ खुरपत राहिली.