फ्लेक्झिबल

घडीताईची आणि त्या शब्दाची पहिली गाठ पडली ती नोकरीच्या मुलाखतीत. हॉटेलच्या तळघरातली लाँड्री, चारी बाजूंनी वाफ, आणि समोर सुपरवायझर मॅडम. त्यांनी विचारलं, “तुम्ही फ्लेक्झिबल आहात ना?” आता अशा वेळी नाही कोण म्हणतं? “हो, एकदम,” म्हणून ती मोकळी झाली. चादरींच्या घड्या ती अशा काही कडक घालायची की पुढे सगळे तिला घडीताईच म्हणू लागले, पण ते नंतरचं.

घरी आल्यावर तिने लेकीला विचारलं. लेक सहावीत, डिक्शनरी काढण्याची मोठी हौस. “लवचिक. सहज वाकणारा,” तिने वाचून दाखवलं. घडीताईला हायसं वाटलं. कंबर तिची ठणठणीत होती. स्वयंपाकघरात तिने वाकून पायाची बोटं धरून दाखवली, तेव्हा लेक पोट धरून हसली.

मग फोन सुरू झाले. उद्या सकाळी नको, दुपारी या. आज निघू नका, रात्रीपर्यंत थांबा. सुट्टी आहे ना, मग अर्धा दिवस येऊन जा. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी शेपूट ठरलेलं, “तुम्ही फ्लेक्झिबल आहात म्हणून बरं!” सुरुवातीला तिला कोण अभिमान वाटायचा. आपल्याला इंग्रजीतून शाबासकी मिळतेय म्हटल्यावर वाटणारच की.

हळूहळू मात्र तिचे कान टवकारले गेले. हा शब्द मॅनेजर सुपरवायझर मॅडमना म्हणायचे. मॅडम तो लाँड्रीतल्या बायकांना म्हणायच्या. टॉवेलला वास येतो म्हणून आरडाओरडा करणाऱ्या पाहुण्याला तो कधीच कोणी म्हणालं नाही. तिने ही गोष्ट वॉशिंग मशीनवरच्या काकांना सांगितली. काका म्हणाले, “मी म्हणून पाहिला होता एकदा मॅनेजरला. तेव्हापासून माझा रविवार मंगळवारी येतो.”

हसून सोडून देण्यासारखं असतं तर तिने दिलं असतं. पण तिची कामाची पाळी बदलली की लेकीची रवानगी मावशीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवरा कधीचाच वेगळा झालेला, दुसरं कोण होतं? मावशी म्हणजे घडीताईची थोरली बहीण, मायेची, पण तोंडाने फटकळ. एक दिवस ती फोनवर सरळच म्हणाली, “अगं, पोरीची नुसती फरफट चाललीय. कायमची ठेव माझ्याकडे. रविवारी संध्याकाळी येते आणि तिलाच विचारते. ती म्हणेल तसं.”

झालं, घडीताईच्या जिवाला घोर लागला. चादरीचं टोक टोकाला जुळेना. एप्रनच्या खिशातला फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. चालता चालता ती मध्येच थांबायची आणि आपण कुठे निघालो होतो तेच आठवायचं नाही. पोर मावशीकडे राहते म्हणाली तर? तिथे वेळेवर जेवण आहे, अभ्यासाला टेबल आहे, दार उघडायला माणूस आहे. तिने मनाशी पक्कं केलं, काय वाटेल ते होवो, रविवारी घर सोडायचं नाही. त्या दिवशी तरी पोरीला आई घरात दिसली पाहिजे.

आणि रविवारी दुपारी फोन वाजलाच.

“मोठा ग्रुप उतरलाय, टॉवेल कमी पडतायत. लगेच निघा,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, आज नाही जमणार. घरी काम आहे.”

“काम सगळ्यांनाच असतं हो. तुम्ही फ्लेक्झिबल आहात म्हणून तर तुम्हाला घेतलं.”

घडीताई खिडकीपासून दारापर्यंत गेली, परत आली. “मग आज तुम्हीच व्हा ना जरा फ्लेक्झिबल,” ती म्हणाली.

मॅडम थंडपणे म्हणाल्या, “उद्या येऊन आधी मला भेटा.” फोन बंद झाला. नोकरी बहुतेक गेली होती, आणि तरी घडीताईला आतून इतकं बरं वाटत होतं की तिने लेकीला ओढून मांडीवर घेतलं. एवढी घोडी झालेली मुलगी, तीही गुपचूप बसून राहिली.

संध्याकाळी मावशी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग मावशीने भाचीला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “खरं सांग हं बाळा, कोणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस. तुला कुठे राहायला आवडेल? इथे आईजवळ, की माझ्याकडे?”

घडीताई कप गोळा करायची थांबली.

“कुठेही चालेल,” लेक म्हणाली.

“असं कसं? काहीतरी असेलच ना तुझ्या मनात.”

“नाही गं मावशी, खरंच चालेल. मी फ्लेक्झिबल आहे.” तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर आल्यासारखं तिने आईकडे पाहिलं. “माझा ब्रश मी बॅगेतच ठेवते. म्हणजे निघायचं असलं की आईला घाई होत नाही.”

घडीताई उठून लेकीसमोर जमिनीवर बसली. पोर आपल्याला सोडून जाते म्हणेल या धास्तीने तिने आठवडाभर जीव मुठीत धरला होता. जाते म्हणाली असती तरी परवडलं असतं, असं तिला आता वाटलं.

“तू नाहीयेस फ्लेक्झिबल,” ती म्हणाली. “तुला जे हवंय ते माग माझ्याकडे. रड, भांड, पाय आपट. हट्ट कर.”

लेक गोंधळली. तिने आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग नेहमीच्या समजूतदार आवाजात विचारलं, “कशाचा करू?”