धुवायच्या टबातलं पाणी

क्षयाचा जंतू भलता आळशी. त्याला कितीही खाऊपिऊ घाला, डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला तो महिना-दीड महिना लावतो. म्हणून वर्षाराणीच्या जखमेतला पू लावलेल्या प्लेटवर चारच दिवसांत जंतूंचे पांढरे ठिपके दिसले, तेव्हा मी खुर्चीवरून ताडकन उठले आणि एकटीच हसत सुटले. पोरीला क्षय नव्हता.

मी डॉक्टर नाझनीन. मूळची नांदेडची. लग्न होऊन लातुरात आले आणि इथल्या एका खासगी दवाखान्याच्या तळघरात जंतू तपासते. बाकीचे डॉक्टर जंतू मारतात आणि ही बया ते पाळते, असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात.

वर्षाराणी जळकोटकडची, शेतकऱ्याची मुलगी. बारावीसाठी लातुरात आलेली. तेव्हा इथे गल्लीगल्लीत क्लास आणि गच्चीगच्चीवर पत्र्याची होस्टेलं उभी राहत होती. दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. जखम भरली आणि महिन्याने पुन्हा वाहायला लागली. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या जंतूसारख्या लाल काड्या दिसल्या, म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी काही फरक पडेना, पण होस्टेलच्या मालकापर्यंत बातमी बरोब्बर पोचली. संक्रांतीला पोरीला घरी न्या आणि परत आणू नका, असं त्याने तिच्या वडलांना बजावलं. तोंडावर बारावीची परीक्षा होती.

प्लेट घेऊन मी धावतच वर गेले. डॉक्टर सिद्धेश्वर आमचे सर्जन आणि मालकही. भूकंपात किल्लारीला तंबूत ऑपरेशनं केलेला माणूस. अजूनही त्या भागातले लोक त्यांच्या पाया पडतात.

"सर, हा टीबी नाही. त्याचे चुलतभाऊ आहेत. दिसायला तसेच, पण पाण्यात-मातीत राहणारे. टीबीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत, आणि एकाचे दुसऱ्याला लागतही नाहीत. होस्टेलला तसं लिहून द्या."

सरांनी प्लेट उजेडात धरली. "पाण्यातले ना? मग तुझ्याच नळाचं पाणी उडालं असेल हिच्यावर."

माझ्या प्लेटला कुणी नावं ठेवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण त्यांचं म्हणणं खोडायचं तर हे जंतू पोरीच्या पोटात आले कुठून, ते दाखवायला हवं होतं.

मग मी छडाच लावायचं ठरवलं. जखम चिघळलेले आणखी पेशंट बोलावून घेतले. रियाजभाई टेलर आले, उमरीच्या विठाबाई आल्या. प्रत्येकाचा पू प्लेटवर लावला आणि प्रत्येक प्लेटवर तेच ठिपके उगवले. माझा आनंद पोटात मावेना, आणि असल्या गोष्टीचा आनंद होतो याची लाजही वाटेना. सगळे दुर्बिणीच्या ऑपरेशनचे पेशंट! ज्यांचं पोट चाकूने उघडलं होतं, ते मात्र ठणठणीत. म्हणजे सर तेच, खोली तीच, फरक फक्त हत्यारांचा. चाकू-कात्र्या वाफेत शिजून निघतात. दुर्बिणीला ती उष्णता सोसत नाही, म्हणून ती औषधात बुडवतात आणि मग पाण्यात धुतात.

पाणी! मी नळाचं, टाकीचं, टँकरचं पाणी आणून प्लेटवर घातलं. काही म्हणजे काही उगवलं नाही. संक्रांत जवळ आली आणि मी सगळ्यांवर खेकसत सुटले.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत बऱ्याच दिवसांनी नळ आला. तो यायचा तेव्हा ईदच असायची. पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी ओतून द्यावं म्हणून मी पिंप कलतं केलं, तर माझी सासू सालेहाबी आतून ओरडली, "फेको नक्को गे, उसीच में नया भर!"

मी पिंप तसंच सोडलं, रिक्षा केली आणि थेट ऑपरेशन थिएटर गाठलं.

शरणम्मा सिस्टर दुर्बीण धुवायच्या स्टीलच्या टबात वरून पाणी घालत होत्या. मी टबात हात घातला. तळ रांजणाच्या बुडासारखा बुळबुळीत लागला.

"सिस्टर, हा टब रिकामा कधी करता?"

"रिकामा?" मी ताटातलं अन्न फेकायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पानी कुठं कोन फेकतंय म्याडम. उकळून गार केलेलं वरून घालते की रोज."

तो बुळबुळीतपणा मी प्लेटवर लावला. ते चार दिवस मी काय जेवले ते मला आठवत नाही. ठिपके उगवले, तसेच, पांढरे. वर्षाराणीची आणि टबाची, दोन्ही प्लेटा मी सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

सरांनी त्या आळीपाळीने उजेडात धरल्या. मग त्यांनी शरणम्मांना टब घेऊन बोलावलं, आणि त्यांचा आवाज चढला. "पाणी बदलायचं नाही, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमीच की सर." शरणम्मा घाबरल्या नव्हत्या, त्यांना नवल वाटत होतं. "किल्लारीच्या तंबूत. टँकर आला नव्हता. तवा म्हनला व्हता, शरणम्मा, या टबातला थेंब बी सांडायचा न्हाई, वरून भरायचं. मंग आता सांडा असं तुमी कधी म्हनलाच न्हाईत."

सरांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली, आणि शरणम्मांना मिठी मारावीशी वाटली. सर उठले. टब त्यांनी स्वतः उचलला आणि मोरीत पालथा केला. शरणम्मांनी मान फिरवली.

बाहेर बाकड्यापाशी वर्षाराणीचे वडील रामकिशन लेकीची पत्र्याची पेटी घेऊन उभे होते. जळकोटच्या एसटीला वेळ होता, म्हणून निरोप घ्यायला आले होते. शेजारी वर्षाराणी, रडून डोळे सुजलेली. भरल्या ओपीडीत सर त्यांच्यापुढे गेले.

"रामकिशनभाऊ, पोरीला टीबी नाही. हा आजार तिला माझ्या थिएटरात लागला. चूक माझी. आजपासून औषध बदलतो, काही महिने लागतील, पण ती बरी होईल."

रामकिशननी पेटी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी ह्यो कुनाला लागत न्हाई ना सर?"

"नाही. होस्टेलवाल्याला मी स्वतः सांगतो."

रामकिशन मटकन पेटीवरच बसले आणि पटक्याने तोंड पुसत राहिले. वर्षाराणीने त्यांचा दंड ओढला.

"आबा, उठा की. फिजिक्सचा क्लास हाय दुपारी, पुस्तकं पेटीत हायत."

रामकिशन उठले. पेटीची एक कडी त्यांनी धरली, दुसरी सरांनी, आणि दोघं होस्टेलच्या रस्त्याला लागले.